कोऱ्या पाटीला मत: पेरूचे मतदार पुन्हा पुन्हा 'बाहेरचा माणूस' का निवडतात

एप्रिल २०२१ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पेरू या देशात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. रिंगणात १८ उमेदवार होते. पहिल्या फेरीत सगळ्यांत जास्त मतं पडली पेद्रो कास्तियो नावाच्या खेड्यातल्या शाळामास्तरांना, साधारण सव्वासत्तावीस लाख. कोऱ्या आणि बाद मतपत्रिका मोजल्या, तर त्या भरल्या तेहतीस लाखांवर. त्यातल्या काही चुकून बाद झाल्या असतील हे धरलं तरी पहिल्या क्रमांकाच्या उमेदवारापेक्षा 'यातला एकही नको' म्हणणारे जास्त निघाले. तिथे मतदान सक्तीचं आहे, न केल्यास दंड बसतो. त्यामुळे माणसं केंद्रावर जातात, रांगेत उभी राहतात आणि कोरा कागद पेटीत टाकून घरी येतात.

आपल्याकडे २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये 'नोटा' सत्तावीस हजारांवर मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला होता. तिथली कारणं स्थानिक होती, जागावाटपाच्या नाराजीची. पेरूमध्ये मात्र अख्ख्या देशाची ही अवस्था आहे, आणि ती एका निवडणुकीपुरती नाही.

सरकारवरचा विश्वास उडाला की लोक राजकारणाबाहेरच्या माणसाकडे वळतात, हे आपण ट्रम्प, झेलेन्स्की, अर्जेंटिनाचे मिलेई अशा नावांच्या निमित्ताने ऐकत असतो. (बाहेरचा म्हणजे परगावचा नव्हे. प्रस्थापित पक्षांत खस्ता खाऊन, पदं भूषवून वर न आलेला.) पेरूकडे बघण्याचं कारण असं की तिथे हे १९९० पासून इतक्यांदा घडलंय की लोक त्याला का निवडतात, तो सत्तेत आल्यावर काय होतं आणि तो गेल्यावर मागे काय उरतं, असं सगळं एकाच देशात पाहायला मिळतं.

विश्वास कसा गेला

कोणत्याही सरकारबद्दल सामान्य माणसाच्या मनात दोन प्रश्न असतात. यांना कारभार जमतो का? आणि हे आपले आहेत का? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर लोक विरोधी पक्षाला निवडून देतात. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तरी काही काळ निभावतं, कारण निदान कामं होत असतात. दोन्ही उत्तरं एकाच वेळी 'नाही' झाली आणि विरोधी पक्षाबद्दलही तीच आली, की मग लोक सगळ्यांवरच फुली मारतात. १९८० च्या दशकात पेरूमध्ये हेच झालं.

१९६८ पासूनची लष्करी राजवट १९८० साली संपली. नव्या राज्यघटनेने निरक्षरांना पहिल्यांदाच मताचा अधिकार दिला होता. हे निरक्षर म्हणजे मोठ्या प्रमाणात अँडीज पर्वतातले केचुआ भाषा बोलणारे शेतकरी. निवडणुकीच्या आदल्या दिवशी, १७ मे १९८० रोजी, आयाकुचो प्रांतातल्या चुस्ची गावात काही तरुणांनी मतपेट्या जाळल्या. 'शायनिंग पाथ' या माओवादी संघटनेच्या युद्धाची ती सुरुवात होती. राजधानी लिमामध्ये या बातमीकडे फारसं कोणी पाहिलं नाही. पुढच्या वीस वर्षांत जवळपास ६९ हजार माणसं मेली किंवा नाहीशी झाली, असा अंदाज सत्यशोधन आयोगाने २००३ साली मांडला. बळी पडलेल्या चौघांपैकी तिघांची मातृभाषा केचुआ किंवा तिथली दुसरी एखादी आदिवासी भाषा होती. निम्म्याहून जास्त बळी शायनिंग पाथने घेतले, पण लष्कर आणि पोलिसांच्या हातूनही हजारो गेले. डोंगरातल्या माणसाने पहिलं मत दिलं त्याच वर्षापासून त्याच्या गावात प्रेतं पडायला लागली. त्याच्या दृष्टीने लोकशाहीची सुरुवात ही अशी झाली.

लिमातल्या माणसाचा अनुभव वेगळा होता, पण कमी कडवट नव्हता. १९८५ मध्ये ३६ वर्षांचे आलान गार्सिया अध्यक्ष झाले. देशातल्या सर्वांत जुन्या, सर्वांत बांधीव पक्षाचे नेते, अमोघ वक्ते. त्यांनी परदेशी कर्जाची फेड निर्यातीच्या १० टक्क्यांवर रोखून धरली, १९८७ मध्ये बँका ताब्यात घ्यायला निघाले, आणि तूट भरून काढायला नोटा छापत राहिले. १९८८ मध्ये महागाईचा दर १,७०० टक्क्यांवर गेला. १९९० मध्ये तो ७,६०० टक्क्यांच्या पुढे होता. पगार हातात पडला की त्याच दिवशी बाजारात जाऊन तेल-साखर घेऊन टाकायची, कारण दिवस जातील तसं तेवढ्याच पैशात कमी कमी येत जाई. इंती नावाचं चलन १९८५ मध्ये सुरू झालं, आणि १९९१ मध्ये दहा लाख इंतींना एक या भावाने नवं चलन आणावं लागलं. आयुष्यभराची शिल्लक सहा वर्षांत मातीमोल होते म्हणजे काय, ते या एका हिशोबातून कळतं.

गार्सियांच्या आधी सत्तेत असलेल्या पक्षाचं तोंड पोळलेलं होतंच. डाव्यांच्या आघाडीत फूट पडली. उरलं कोण?

ट्रॅक्टरवरचे प्राध्यापक

चुणूक आधी लिमामध्येच दिसली. नोव्हेंबर १९८९ मध्ये महापौरपदी रिकार्दो बेलमोंत हे टीव्हीवरचे निवेदक अपक्ष म्हणून निवडून आले. पक्षांची मंडळी मागे पडली.

१९९० च्या अध्यक्षीय निवडणुकीत सुरुवातीला सगळं लक्ष मारियो वार्गास योसा या जगप्रसिद्ध लेखकावर होतं. तेही राजकारणाबाहेरचेच. मात्र त्यांनी दोन जुन्या पक्षांशी आघाडी केली, प्रचारावर भरमसाट पैसा ओतला गेला आणि त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं की अर्थव्यवस्था सावरायला कठोर उपाय करावे लागतील. लोकांना त्यांच्यात लिमातला गोरा, श्रीमंत वर्ग दिसला.

आल्बेर्तो फुजिमोरी यांचं नाव निवडणुकीच्या काही आठवडे आधीपर्यंत मतचाचण्यांमध्ये 'इतर' या रकान्यात होतं. जपानी स्थलांतरितांचा हा मुलगा, शेतकी विद्यापीठाचा कुलगुरू. सरकारी टीव्हीवर एक चर्चेचा कार्यक्रम चालवायचे, एवढीच ओळख. आदल्याच वर्षी काढलेला 'काम्बियो ९०' म्हणजे 'बदल ९०' हा पक्ष, आणि 'प्रामाणिकपणा, तंत्रज्ञान, कष्ट' ही घोषणा. प्रचाराला ते ट्रॅक्टरवर बसून वस्त्यांमध्ये जात. प्रचार करणारे बरेचसे छोट्या व्यवसायातले आणि ख्रिस्ती प्रार्थनामंडळांतले लोक होते. अध्यक्षपदाबरोबरच त्यांनी सिनेटसाठीही अर्ज भरला होता, यावरून त्यांना स्वतःला किती आशा होती ते दिसतं. पहिल्या फेरीत वार्गास योसांना ३२ टक्क्यांच्या वर आणि फुजिमोरींना २९ टक्के मतं मिळाली. १० जूनच्या दुसऱ्या फेरीत फुजिमोरी ६२ टक्के मतांनी जिंकले.

लोक वेडे झाले होते का? अजिबात नाही, आणि हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. अनोळखी माणसाला देश सोपवणं हा अविचार वाटतो तो ज्याचं बरं चाललंय त्याला. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवून दिलं की माणूस नफ्यात असताना जपून वागतो, पण तोट्यात असताना तो तोटा पुसून टाकण्यासाठी मोठी जोखीम पत्करतो. लागोपाठ दोन हंगाम बुडालेला शेतकरी तिसऱ्या वर्षी कर्ज काढून कधी न लावलेलं पीक लावतो, ते हौसेने नाही. नेहमीचं पीक लावलं तर बुडणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं; नव्या पिकात निदान शक्यता असते. १९९० च्या पेरूमध्ये अनुभवी उमेदवार म्हणजे पक्कं नुकसान होतं. पाटी कोरी असणं हीच फुजिमोरींची सगळ्यांत मोठी पात्रता ठरली.

दुसरं कारण निवडणूक पद्धतीत आहे. पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. उमेदवार खूप असले की मतं फुटतात आणि थोड्या मतांवर एखादा अनोळखी माणूस शेवटच्या दोघांत पोचतो. एकदा तिथे पोचला की मत त्याच्यासाठी पडत नाही, समोरच्याला पाडण्यासाठी पडतं. दगडापेक्षा वीट मऊ. २०२१ मध्ये कास्तियोंना पहिल्या फेरीत वैध मतांपैकी १९ टक्केही नव्हती, तरी दुसऱ्या फेरीत ते सुमारे ४४ हजार मतांच्या फरकाने अध्यक्ष झाले. त्या बहुमतातले कितीतरी लोक मनाने त्यांच्या बाजूचे नव्हतेच. अशा विजेत्याच्या पाठीशी जनता आहे असं आकडे सांगतात, पण पहिला अडथळा आला की ती पाठ मोकळी असल्याचं दिसतं.

निवडून आल्यानंतर

बाहेरच्या उमेदवाराबद्दलची बहुतेक चर्चा निवडणुकीच्या रात्री संपते. खरी अडचण दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. पक्ष नाही म्हणून तो निवडून येतो. आणि पक्ष नाही म्हणूनच त्याला राज्य करता येत नाही.

संसदेची निवडणूक पहिल्या फेरीबरोबरच होते. खालच्या सभागृहातल्या १८० पैकी फुजिमोरींच्या पक्षाकडे ३२ जागा होत्या. त्यांच्याकडे अर्थतज्ज्ञांची फळी नव्हती, खात्यांची माहिती असलेली माणसं नव्हती, आराखडा नव्हता. शपथविधीनंतर दोन आठवड्यांच्या आत, ८ ऑगस्ट १९९० च्या रात्री, पंतप्रधान टीव्हीवर आले आणि त्यांनी नव्या किमती वाचून दाखवल्या. आज एक लाख वीस हजार इंतींना मिळणारा दुधाचा डबा उद्यापासून तीन लाख तीस हजारांना. नऊ हजारांचा पाव पंचवीस हजारांना. पेट्रोल जवळपास तीसपट. 'देव आपल्याला मदत करो,' असं म्हणून त्यांनी भाषण संपवलं. अशी शॉक ट्रीटमेंट देणार नाही, हेच सांगून फुजिमोरींनी मतं मागितली होती. जे करणार म्हणून लोकांनी लेखकाला नाकारलं, तेच प्राध्यापकांनी केलं.

महागाई आटोक्यात आली. १९९४ पर्यंत ती १५ टक्क्यांच्या आसपास उतरली, आणि माझ्या मते हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण संसदेत बहुमत नसलेल्या अध्यक्षापुढे रस्ते मोजकेच असतात: वाटाघाटी करायच्या, माणसं फोडायची किंवा संसदच गुंडाळायची. फुजिमोरींनी आधी शेवटचा रस्ता धरला. ५ एप्रिल १९९२ च्या रविवारी रात्री त्यांनी टीव्हीवरून संसद बरखास्त केल्याचं आणि न्यायव्यवस्थेची 'पुनर्रचना' करत असल्याचं जाहीर केलं. रस्त्यांवर रणगाडे आले. जनमत चाचण्यांमध्ये जवळपास ८० टक्के लोक त्यांच्या बाजूने होते.

हा ८० टक्क्यांचा आकडा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लोकांना हुकूमशाही हवी होती असा त्याचा अर्थ लावणं अन्यायाचं होईल. संसदेने आपल्यासाठी काही केलंय असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं, म्हणून ती गेल्याचं दुःख झालं नाही. संस्थेबद्दलचा राग साठत गेला की ती मोडणाऱ्याला तो आपोआप परवानगी देऊन टाकतो.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शायनिंग पाथचा प्रमुख आबिमाएल गुस्मान पकडला गेला आणि 'संसद नसली तरच कामं होतात' ही समजूत पक्की झाली. प्रत्यक्षात त्याला पकडलं पोलिसांच्या एका छोट्या तपास पथकाने. हे पथक मार्च १९९० मध्ये, म्हणजे बदनाम गार्सियांच्या कारकिर्दीत, फुजिमोरी निवडून येण्याआधीच स्थापन झालं होतं. त्यांनी महिनोन्‌महिने संशयित घरांवर पाळत ठेवली, घरांबाहेर टाकलेला कचरा उपसला. लिमाच्या सुर्कियो भागातल्या एका घराच्या कचऱ्यात त्यांना सोरायसिसवरच्या औषधाच्या रिकाम्या ट्यूब सापडल्या. गुस्मानला तो त्वचारोग असल्याची माहिती त्यांच्याकडे होती. घराच्या खालच्या मजल्यावर बॅले नृत्याचे वर्ग चालत. आत शिरले तेव्हा गोळीबाराची वेळही आली नाही. रणगाड्यांचा, बरखास्त संसदेचा यात काही हात नव्हता. चिकाटीने काम करणारं एक सरकारी पथक होतं, आणि श्रेय गेलं 'बाहेरच्या' माणसाच्या धडाडीला. संस्था नीट चालते तेव्हा ती कोणाला दिसत नाही. विश्वास परत मिळवणं अवघड जातं त्याचं हे एक मोठं कारण.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९९३ मध्ये नवी राज्यघटना आली, फेरनिवडीची सोय झाली, १९९५ मध्ये फुजिमोरी ६४ टक्के मतांनी पुन्हा जिंकले. २००० साली त्यांनी तिसऱ्यांदा निवडणूक लढवली, पण संसदेत बहुमत हुकलं. १४ सप्टेंबर २००० रोजी एका केबल वाहिनीवर एक चित्रफीत दाखवली गेली. गुप्तचर यंत्रणेचे सूत्रधार व्लादिमिरो मोंतेसिनोस एका विरोधी खासदाराला नोटांची बंडलं मोजून देत होते, १५ हजार डॉलर, पक्ष बदलण्यासाठी. अशा चित्रफिती नंतर ढिगाने निघाल्या. मोंतेसिनोसनी स्वतःच त्या करून ठेवल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये फुजिमोरींनी जपानमधून फॅक्सने राजीनामा पाठवला. २००९ मध्ये मानवी हक्कांच्या उल्लंघनाबद्दल त्यांना २५ वर्षांची शिक्षा झाली. भ्रष्ट पुढाऱ्यांना कंटाळून निवडलेल्या माणसाने पक्षाची उणीव लाचेने भरून काढली होती.

पैसा आला, विश्वास आला नाही

इथे एक सोपं उत्तर सुचतं: लोकांचं पोट भरलं की विश्वास परत येईल. पेरूने ते खोटं ठरवलं. २००० नंतरच्या दशकात तांब्याच्या भावामुळे आणि शिस्तशीर अर्थकारणामुळे देश दरसाल पाच-सहा टक्क्यांनी वाढला. २००४ मध्ये निम्म्याहून जास्त लोक गरीब होते. २०१९ मध्ये पाचातला एक. दक्षिण अमेरिकेत हे कौतुकाचं उदाहरण होतं. तरीही संसदेवरचा आणि पक्षांवरचा विश्वास चाचण्यांमध्ये एक आकडी संख्येपर्यंत घसरला.

याचं कारण वर म्हटलेल्या दुसऱ्या प्रश्नात आहे. कारभार बरा झाला, पण आपला झाला नाही. तिथे दहातले सात कामकरी असंघटित क्षेत्रात आहेत: पथारीवाले, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया. त्यांची सरकारशी गाठ पडते ती माल जप्त करणाऱ्या माणसाच्या रूपात. पेन्शन नाही, धड दवाखाना नाही. दुसरीकडे ओदेब्रेश्त या ब्राझिलियन बांधकाम कंपनीच्या लाचेचं प्रकरण फुटलं तेव्हा २००१ पासून निवडून आलेले सगळे अध्यक्ष चौकशीच्या फेऱ्यात आले. आलेहान्द्रो तोलेदो यांना वीस वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्यांदा अध्यक्ष होऊन गेलेल्या आलान गार्सियांनी एप्रिल २०१९ मध्ये पोलीस अटकेला दारात आले असताना स्वतःवर गोळी झाडून घेतली.

मग कोरोना आला. लोकसंख्येच्या प्रमाणात मृत्यू मोजले तर पेरू जगात सर्वांत वर होता. ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी नातेवाईक रात्र-रात्र रांगेत उभे होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये उघडकीला आलं की चाचण्यांसाठी आलेल्या लसींतून ४८७ जणांनी गुपचूप लस टोचून घेतली होती. त्यात लस घेतली तेव्हा अध्यक्षपदावर असलेले मार्तीन विस्कार्रा होते, मंत्री होते, अधिकारी होते, काहींचे नातेवाईकही होते. विकासदराचा कोणताही तक्ता हे पुसून टाकू शकत नाही. दोन महिन्यांनी कोऱ्या मतपत्रिकांचा तो ढीग पडला.

मास्तर

पेद्रो कास्तियो काहामार्का प्रांतातल्या खेड्यातले. शेतकऱ्याचा मुलगा, प्राथमिक शाळेत शिक्षक, २०१७ च्या शिक्षकांच्या संपाने थोडंफार नाव झालेलं. डोक्यावर त्यांच्या भागात घालतात ती रुंद काठाची टोपी, हातात भलीमोठी पेन्सिल, आणि घोषणा: 'श्रीमंत देशात आता गरीब नकोत'. दुसऱ्या फेरीत पुनोसारख्या डोंगराळ प्रांतात दहातल्या जवळपास नऊ मतदारांनी त्यांना मत दिलं. त्या लोकांना आपल्यासारखा दिसणारा, आपल्यासारखा बोलणारा माणूस त्या खुर्चीवर दिसत होता. ती भावना खरी होती आणि मी तिला कमी लेखणार नाही.

पण पेन्सिल ही निशाणी त्यांची नव्हती. 'पेरू लिब्रे' या पक्षाचे प्रमुख व्लादिमीर सेरॉन भ्रष्टाचाराच्या शिक्षेमुळे अध्यक्षपदासाठी उभे राहू शकत नव्हते; त्यांनी कास्तियोंना उमेदवारी दिली. पेरूमध्ये असे पक्ष बरेच आहेत. त्यांच्याकडे निवडणूक आयोगाची नोंदणी असते, कार्यकर्ते नसतात. ती नोंदणी ते कोणा ना कोणाला वापरायला देतात. पैसे असलेले लोक त्यावर उभे राहतात, निवडून येतात, गट बदलतात. जुने पक्ष १९९० नंतर मोडले, त्यांच्या जागी हे आले.

संसदेत १३० पैकी ३७ जागा पक्षाच्या, त्यातही खरी निष्ठा सेरॉनवर. सोळा महिन्यांत ७० हून जास्त मंत्री बदलले. तिथल्या घटनेत एक कलम आहे: 'कायमस्वरूपी नैतिक अक्षमता' असल्याचं ठरवून १३० पैकी ८७ खासदार अध्यक्षाला काढू शकतात. नैतिक अक्षमता म्हणजे काय, ते घटनेत लिहिलेलं नाही. ज्याच्याकडे पक्ष नाही त्या अध्यक्षावर ही टांगती तलवार असते. कास्तियोंविरुद्ध असे दोन प्रयत्न फसले. तिसऱ्याच्या दिवशी, ७ डिसेंबर २०२२ ला, थरथरत्या हातांत कागद धरून त्यांनी टीव्हीवरून संसद बरखास्त केल्याची घोषणा केली. फुजिमोरींनी तीस वर्षांपूर्वी केलं होतं तेच. फक्त या वेळी लष्कर हललं नाही. मंत्र्यांनी धडाधड राजीनामे दिले, संसदेने १०१ मतांनी त्यांना काढलं आणि मेक्सिकोच्या दूतावासाकडे जाताना वाटेतच त्यांना अटक झाली.

त्यानंतर पुनो, आयाकुचो भागात लोक रस्त्यावर उतरले. पोलीस आणि लष्कराच्या कारवाईसह त्या महिन्यांत सुमारे ५० माणसं मेली. उपाध्यक्ष होत्या त्या दिना बोलुआर्ते अध्यक्ष झाल्या. २०२५ मध्ये त्यांना पसंती देणाऱ्यांचं प्रमाण दोन-तीन टक्क्यांवर आलं, आणि ऑक्टोबरमध्ये संसदेने त्यांनाही काढलं. २०१६ पासून तोवर सहा माणसं त्या पदावर बसून झाली होती. त्यातले मानुएल मेरिनो जेमतेम पाच दिवस.

आपल्याकडे हे कुठे बसतं

भारतात थेट अध्यक्ष निवडला जात नाही. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री व्हायचं तर सभागृहात माणसं निवडून आणावी लागतात, म्हणजे पक्ष उभारावाच लागतो. त्यामुळे आपल्याकडचा बाहेरचा माणूस पक्ष घेऊनच आत येतो. एन. टी. रामाराव यांनी मार्च १९८२ मध्ये तेलुगू देसम काढला आणि नऊ महिन्यांत आंध्र जिंकला. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंचं २०११ चं आंदोलन पक्षविरोधी होतं. त्यातून बाहेर पडून अरविंद केजरीवालांनी २०१२ मध्ये पक्ष काढला. २०१३ मध्ये बहुमताशिवाय सत्तेत आले तेव्हा सरकार ४९ दिवस टिकलं. २०१५ मध्ये ७० पैकी ६७ जागा आल्या तेव्हा दहा वर्षं राज्य केलं, आणि २०२५ मध्ये मतदारांनी २२ जागांवर आणून हरवलं. त्यांच्या कारभाराबद्दल तुमचं मत काहीही असो, ज्यांनी निवडलं त्यांनाच शिक्षा करता आली, कारण शिक्षा करायला एक पक्ष जागेवर होता. पेरूमध्ये ते शक्य होत नाही. पाच वर्षांनी मतदार राग काढायला जातो तेव्हा तो पक्षच शिल्लक नसतो.

म्हणून एखादा कोऱ्या पाटीचा उमेदवार आवडला, आणि आवडण्यात गैर काही नाही, तर त्याच्या चारित्र्याबरोबर त्याला एक गोष्ट जरूर विचारावी: तुझ्याबरोबर कोण आहे? विधेयकाला मतं कुठून आणणार, खाती कोण चालवणार, आणि तू चुकलास तर तुला अडवू शकेल असं तुझ्याच बाजूचं कोण आहे? 'मी एकटा पुरेसा आहे' असं उत्तर आलं तर पेरूचा इतिहास समोर आहे.

रागाने लिहिलेला कायदा

डिसेंबर २०१८ मध्ये विस्कार्रांनी भ्रष्टाचाराविरुद्ध सार्वमत घेतलं. त्यातला एक प्रश्न होता: खासदाराला लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून यायला बंदी घालावी का? जवळपास ८५ टक्के लोकांनी हो म्हटलं. भावना समजण्यासारखी होती. सगळे जुने जातील, नवे येतील.

तसंच झालं. २०२१ च्या संसदेत लागोपाठ परत आलेला एकही खासदार नव्हता. पण ज्याला पुन्हा मत मागायला जायचंच नाही, त्याला मतदाराची भीती कसली? चांगलं काम केलं तरी बक्षीस नाही, वाईट केलं तरी शिक्षा नाही. हातात पाच वर्षं आहेत, तेवढ्यात जे जमेल ते करून घ्यायचं. खासदारांनी आपल्याच कर्मचाऱ्यांच्या पगारातून हिस्सा कापून घेतल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली. बहुतेक नव्या चेहऱ्यांची ही संसद आधीच्या संसदांपेक्षा जास्त नावडती ठरली.

मार्च २०२४ मध्ये त्या संसदेने घटना बदलली आणि २०२६ च्या निवडणुकीपासून फेरनिवडीवरची बंदी उठवली. बदल माझ्या मते योग्य होता. त्याच दुरुस्तीत ६० जागांचं सिनेटही परत आणलं गेलं. दोन सभागृहं नकोत, असं २०१८ च्या सार्वमतात दहातल्या नऊ लोकांनी सांगितलं होतं. या वेळी त्यांना कोणी विचारलं नाही.